ग्राइंडरची ओळ

आमच्या कारखान्यात विहिरीवर बसणाऱ्या पंपांचे सुटे भाग तयार व्हायचे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पत्र्याची लांबलचक शेड होती आणि शेडच्या एका टोकाला काचेची तावदानं लावलेली तीन-चार ऑफिसं. त्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते, म्हणजे सुट्या भागांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवायचे. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून लागलेली, ऑफिसातली एकटी मुलगी. माझे वडील त्याच शेडमध्ये आत ग्राइंडिंग मशीन चालवायचे. मला तिथं चिकटवलं होतं तेही त्यांनीच.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. कारखान्यातली तरुण पोरंही त्यांना आबाच म्हणायची. ते मूळचे शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातले. गावात आमची वस्ती ओढ्याच्या पलीकडे होती. लग्नकार्यात आमच्या लोकांची पंगत शेवटी आणि बाजूला बसायची, आणि आपल्याला वाढणारे हात वरूनच वाढतात हे आबांनी लहानपणापासून पाहिलं होतं. बाबासाहेबांचा फोटो आणि एक ट्रंक एवढं घेऊन ते जळगावला आले, हमाल म्हणून कारखान्यात शिरले, आणि बघून बघून ग्राइंडर शिकले.

हे मशीन म्हणजे गोल भाग शेवटी घासून गुळगुळीत करणारं. लेथवर कापलेला शाफ्ट, म्हणजे पंपाचा फिरणारा दांडा, थोडा जाडसरच ठेवतात. मग ग्राइंडरचं दगडी चाक त्याच्यावरून फिरतं आणि केसाहून बारीक फरकाने माप बसवतं. कारखान्यात लेथ पुष्कळ होते, ड्रिलिंगची मशीनं पुष्कळ होती, पण असा ग्राइंडर एकच होता, आणि आबांचा हात त्याच्यावर बसलेला होता. त्यांच्या शर्टाला त्या मशीनवर सोडतात त्या दुधी पाण्याचा वास कायम असायचा. आई कितीही साबण लावो, जायचा नाही.

दुपारच्या सुट्टीत लेथ खात्याच्या मागे, निंबाच्या सावलीत, आबा आणि टर्नर मंडळी गोल करून बसत. मी ऑफिसच्या खिडकीतून पाहायचे. एकाच्या डब्यातलं भरीत दुसऱ्याच्या भाकरीवर, आबांच्या डब्यातला ठेचा सगळ्यांच्या बोटांवर. त्यात एक थोराड टर्नर होता, पाचोऱ्याकडचा. तो तर आईच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसाठी आबांचा डबा आधी उघडायचा. आबा घरी येऊन हे सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात एक वेगळंच समाधान असायचं. आईला ते समजायचं. ती दोन भाकरी जास्त बांधायची.

त्या वेळी शेडमध्ये सगळे लेथ एका बाजूला, सगळी ड्रिलिंग मशीनं दुसऱ्या बाजूला, मिलिंग पलीकडे आणि आबांचा ग्राइंडर टोकाला, अशी मांडणी होती. एक साधा शाफ्ट लेथवरून निघाला की ट्रॉलीत पडायचा, ट्रॉली भरेपर्यंत थांबायचा, मग मिलिंगला जाऊन तिथल्या ढिगात पडायचा, तिथून ड्रिलिंगच्या ढिगात, तिथून ग्राइंडिंगच्या. प्रत्यक्ष काम काही तासांचं, पण भाग तयार व्हायला आठवडे जात. वाटेत सगळीकडे क्रेट. कुठल्या क्रेटमध्ये काय आहे हे शोधण्यात माणसांची अर्धी पाळी जायची. पंप बनवणारे गिऱ्हाईक रोज फोन करून मॅनेजरला धारेवर धरत होते.

अशात एक नवे इंजिनिअर आले. धुळ्याचे, देवपुरातले. शिक्षणही तिथलंच, आणि नंतर पुण्याला जाऊन कसलातरी कोर्स केलेला. तिशीच्या आतले, बारीक, शर्टाच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत चढवलेल्या. त्यांनी मॅनेजरांना सांगितलं की मशीनं जातीप्रमाणे लावायची ही पद्धतच चुकीची आहे. जे भाग साधारण सारख्याच मशीनांवरून जातात, त्यांचं एक कुटुंब धरायचं, आणि त्या कुटुंबाला लागणारी मशीनं, मग ती लेथ असोत की ड्रिल, एका जागी जवळजवळ लावायची. भाग तिथंच सुरू व्हावा आणि तिथंच पुरा व्हावा. ट्रॉल्या नकोत, ढीग नकोत. मॅनेजरांना बाकी काही पटलं असो-नसो, ढीग नकोत हे पटलं.

कोणते भाग एका कुटुंबातले आणि कोणती मशीनं एका गटातली, हे डोळ्यांनी दिसत नाही. भाग शेकड्यांनी आणि प्रत्येकाची वाट वेगळी. त्यासाठी या नव्या साहेबांनी एक मोठा तक्ता करायला घेतला आणि ते काम माझ्याकडे आलं. डाव्या बाजूला एकाखाली एक मशीनं. वर ओळीने भाग. जो भाग ज्या मशीनवर जातो, त्या चौकोनात एक हा आकडा, नाहीतर चौकोन रिकामा. पहिला तक्ता पुरा झाला तेव्हा तो नुसता पसरलेल्या तिळांसारखा दिसत होता. काही अर्थ लागत नव्हता.

मग साहेबांनी मला तो कापायला लावला. प्रत्येक मशीनची एक आडवी पट्टी. त्यांनी सांगितलं, प्रत्येक ओळ म्हणजे एक आकडा समजायचा, त्यात डावीकडच्या घराला किंमत जास्त. ज्या ओळीचा आकडा मोठा ती वर, छोटा ती खाली. पट्ट्या तशा लावून चिकटवायच्या, नवा तक्ता ट्रेस करायचा, मग तोच खेळ उभ्या पट्ट्यांचा. पुन्हा आडव्या, पुन्हा उभ्या. एक वेळ अशी येते की काहीच हलत नाही. तेव्हा एक-एकचे आकडे आपोआप एकत्र येऊन चौकोन दिसू लागतात. एक चौकोन म्हणजे एक गट.

मे महिना होता. पंखा लावला की पट्ट्या उडत, म्हणून पंखा बंद. जळगावच्या उन्हात पत्र्याखालच्या त्या खोलीत आम्ही दोघं कपाळावरचा घाम बाहीने टिपत पट्ट्या हलवत होतो. घामाचा थेंब ट्रेसिंग पेपरवर पडला की कागद फुगतो आणि शाई पसरते, त्यामुळे मी मनगटाला रुमाल बांधून काम करायचे.

पण चौकोन पडेनात. पुन्हा पुन्हा लावून सगळे आकडे वरच्या कोपऱ्यात एकमेकांत गुंतून बसायचे. जणू सगळा कारखाना म्हणजे एकच गट. साहेब वैतागले, तक्त्याकडे बघत उभे राहिले, आणि एका सकाळी त्यांना ते दिसलं. एक ओळ होती, जिच्यात डावीकडून उजवीकडे जवळजवळ सगळीकडे आकडे होते. कुठल्याही कुटुंबाचा भाग असो, शेवटी तिथं जायचाच. ती ओळ दर वेळी सगळ्यात वर जाऊन बसायची आणि बाकीच्यांना आपल्याबरोबर ओढायची. साहेबांनी ती पट्टी उचलली आणि बाजूला ठेवून तिच्यावर स्केल ठेवली.

“आता लावा,” ते म्हणाले.

मी लावल्या. आडव्या, उभ्या, पुन्हा आडव्या. संध्याकाळपर्यंत तक्त्यात तिरक्या रेषेवर चार चौकोन उभे राहिले, स्वच्छ, जवळजवळ एकही आकडा बाहेर नसलेले. मला फार आनंद झाला. एवढ्या पसाऱ्यातून आपल्या हाताने असं काही निघू शकतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. स्केलखालची पट्टी ग्राइंडरची होती हे मला ठाऊक होतं, साहेबांनाही ठाऊक होतं. त्याचा अर्थ काय होणार, हे त्या संध्याकाळी दोघांनाही माहीत नव्हतं.

शेडमध्ये कुजबुज सुरू झालीच होती. त्या आठवड्यात घरी चहा पिताना आबांनी मला विचारलं, “मन्हं मशीन कोणता गटमा शे?”

मी म्हटलं, “कोणत्याच नाही आबा. चारी गटांना लागतं ते.”

त्यांनी बशी खाली ठेवली. चेहरा उजळला. “बठ्ठासले लागस ना? मंग झायं.”

त्यांना तो मान वाटला. मीही त्यांना तसंच वाटू दिलं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

साहेबांचं पहिलं मागणं सरळ होतं: चार गट, तर चार ग्राइंडर. निदान दोन. मॅनेजर म्हणाले, नवीन मशीन मिळणार नाही, आहे त्यात बसवा. म्हणून ठरलं की ग्राइंडर शेडच्या मधोमध ठेवायचा आणि चारी गटांनी त्याच्याकडे यायचं. दिवाळीच्या सुट्टीत मशीनं हलवली. पायाचे बोल्ट तोडले, लोखंडी पाइपांवर मशीनं ठेवून माणसांनी ती ढकलली, जुन्या जागी जमिनीवर तेलाचे काळे चौकोन तेवढे राहिले. सुट्टी संपवून लोक आले तेव्हा जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या होत्या आणि प्रत्येक गटाची हद्द ठरलेली होती.

आणि काम खरंच वेगाने होऊ लागलं. हे मी प्रामाणिकपणे सांगते, कारण पुढे जे झालं त्यामुळे लोक म्हणायचे की ती सगळी कागदी अक्कल होती. तसं नव्हतं. क्रेट दिसेनासे झाले. ज्या भागाला आठवडे लागायचे तो चार दिवसांत हातात यायचा. गिऱ्हाइकांचे फोन कमी झाले. ट्रॉल्या ढकलणारी माणसं ठेकेदाराची होती, त्यांना आधी काढलं. ट्रॉल्याच राहिल्या नव्हत्या. मग गटात एका माणसाने दोन मशीनं बघायची असं सुरू झालं. लेथवरची मंडळी चार ठिकाणी वाटली गेली. आबांचा डबा आधी उघडणारे पाचोऱ्याचे टर्नर दुसऱ्या गटात गेले आणि त्या गटाचे मुख्य झाले.

जेवणाच्या सुट्ट्याही बदलल्या. प्रत्येक गटाची वेळ वेगळी, आणि ग्राइंडर सगळ्यांचा, म्हणून तो कुठल्याच गटाच्या सुट्टीत थांबून चालणार नव्हता. आबांची सुट्टी सगळ्यांच्या नंतर आली. निंबाखाली आता कोणी बसत नसे. आबा मशीनजवळच पालथ्या क्रेटवर डबा ठेवून जेवायचे. मी खिडकीतून बघायचे आणि बघून झालं की खाली मान घालायचे. एकदोनदा मी माझा डबा घेऊन त्यांच्याजवळ गेले, पण ऑफिसातल्या बाईने शेडमध्ये बसून जेवणं बरं दिसत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं.

आईला ते डब्यावरून समजलं. भाकऱ्या परत येऊ लागल्या. तिने खोदून खोदून विचारलं, आणि मी सांगितल्यावर ती चुलीसमोरून न उठता म्हणाली, “गावमा बी न्यारा बसाडेत, आठे बी न्यारा.”

आबा एकदम ताठ झाले. “तसं नही शे ते. येळ न्यारी शे, बस.”

ते बरोबर बोलत होते. कोणी त्यांना बाजूला बसवलं नव्हतं. कारण फक्त वेळेचं होतं, मशीनचं होतं. पण आईचंही मला खोडून काढता आलं नाही. ज्याच्या अंगावर हे एकदा आलंय, त्याला एकट्याने जेवताना कारण कुठलं होतं याने फारसा फरक पडत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ग्राइंडरसमोर लागणारी रांग. आधी ढीग सगळ्या शेडमध्ये वाटलेला असायचा. आता बाकी सगळीकडची अडचण दूर झाली आणि उरलेला सगळा ढीग आबांच्या पायाशी येऊन पडला. प्रत्येक गटापुढे फळा लावला होता, त्यावर रोजचं काम खडूने लिहायचं. काम कमी पडलं की गटाचे मुख्य कारण सांगायचे, ग्राइंडिंगला अडकलं. रोज, चारी फळ्यांवर, तेच. आधी माझं कर, आधी आमचं कर, असं चारी बाजूंनी सुरू व्हायचं. आबा पाळी संपल्यावरही थांबू लागले. घरी आले की हात धुऊन भिंतीला टेकून बसायचे. एका आढावा बैठकीत पाचोऱ्याच्या टर्नरनी मॅनेजरांसमोर सांगितलं की आबा आता जुने झाले, हात चालत नाही. मी चार्ट घेऊन तिथंच उभी होते. ते बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. ते मी आबांना सांगितलं नाही. पण शेडमध्ये काही लपत नाही. त्यांना कळलंच.

साहेबांनी पुन्हा दुसऱ्या ग्राइंडरसाठी प्रयत्न केला. मॅनेजरांच्या केबिनमधून ते बाहेर आले तेव्हाच उत्तर कळलं. मॅनेजरांनी वेगळाच मार्ग काढला होता. काही भागांना ग्राइंडिंगऐवजी लेथवरच बारीक फिनिश द्यायचं, त्यासाठी नकाशे बदलायचे, आणि उरलेलं ग्राइंडिंग बाहेरून करून घ्यायचं. धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत साहेबांच्या एका कॉलेजमित्राचं छोटं वर्कशॉप होतं. काम त्याला द्यायचं आणि आपला ग्राइंडरही त्यालाच विकून टाकायचा. शेडची मधली जागा मोकळी होईल. बदललेले नकाशे मीच काढले. शाफ्टच्या नकाशावर ग्राइंडिंगची खूण असते, ती ब्लेडने खरवडून त्या जागी दुसरी खूण टाकायची.

आबांपुढे दोन गोष्टी ठेवल्या. गटात ड्रिलिंगवर हाताखाली काम करा, किंवा मशीनबरोबर धुळ्याला जा. धुळ्याची सोय साहेबांनी स्वतः रदबदली करून केली होती. मित्राला सांगितलं होतं की असा हात तुला मिळायचा नाही. त्यांना आबांचं भलंच करायचं होतं, याबद्दल मला आजही शंका नाही.

मी आबांना म्हटलं, राहा इथंच. ड्रिल तर ड्रिल, घरी तर याल. आईनेही तेच सांगितलं.

“त्या मशीनले मी वळखस,” आबा शेवटी म्हणाले. “आठे आते माले कोण वळखस?”

ट्रकवर मशीन चढलं त्या दिवशी आबा ड्रायव्हरशेजारी बसून त्याच ट्रकमधून गेले. एरंडोल, पारोळा करत संध्याकाळी धुळ्याला पोचले. देवपुरात माझी मावशी राहायची, तिच्या घरी त्यांनी मुक्काम केला. रोज पांझरेचा पूल ओलांडून वर्कशॉपला जायचं, आणि सुट्टीला एसटीने जळगावला यायचं.

ते यायचे तेव्हा मी वर्कशॉपबद्दल विचारायचे. पत्र्याची एक शेड, चार-पाच माणसं, मालक स्वतः मशीनवर उभा राहणारा, माणूस वाईट नाही, पण घाईचा. चाकावरचं लोखंडी झाकण मोठ्या मापाच्या कामाला आड येतं म्हणून मालकाने काढून ठेवलं होतं आणि ते पुन्हा लागतच नव्हतं. आबांनी त्याला सांगितलं होतं, पुन्हा सांगितलं होतं. लावू, लावू, असं तो म्हणायचा. आबांची एक सवय होती. नवं चाक बसवण्याआधी ते बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकायचे. चाक धड असलं तर टणत्कार येतो, चिरलेलं असलं तर आवाज बसका येतो. एका सुट्टीला ते जळगावला आले असताना मालकाने घाईचं काम म्हणून दुसऱ्या कुणाकडून चाक बदलून घेतलं होतं. आबा परत गेले, मशीन सुरू केलं, चाक फिरलं. चाकाने शाफ्टला स्पर्श केला आणि ते फुटलं.

फोन मॅनेजरांच्या केबिनमध्ये आला. साहेबांनी मला बोलावून चाक फुटल्याचं, झाकण नसल्याचं सांगितलं आणि लगेच म्हणाले, चला, मी येतो. शेजारच्यांकडून आईला निरोप दिला, ती मामांबरोबर मागून येणार होती. आम्ही दोघं मिळेल त्या एसटीत बसलो. पारोळ्याला साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, “झाकण लागलंय की नाही, मी एकदा जाऊन बघायला हवं होतं.”

दवाखान्यात आबांचा अर्धा चेहरा बांधलेला होता. डाव्या गालाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जीव वाचला, डोळा गेला. मावशी उशाशी बसून होती, तिच्या पदरावर रक्त वाळलेलं होतं. वर्कशॉपचा मालक दाराशी उभा होता, साहेबांना बघून पुढे आला आणि पुन्हा मागे झाला.

आबा जागे होते. साहेबांना त्यांनी आवाजावरून ओळखलं असावं. उजवा डोळा उघडून ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग कारखान्यात बोलायचे तशा सावकाश, शुद्ध भाषेत त्यांनी विचारलं, “साहेब, गट नीट चालतात ना?”

साहेबांना क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाले, “चालतात, आबा.”

“मग ठीक.”

साहेब बाहेर व्हरांड्यात गेले. बऱ्याच वेळाने मी गेले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. आबा ते टोचून बोलले, असं नंतर मामा म्हणाले. मला तसं वाटत नाही. मी आबांना ओळखत होते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मालकाने दवाखान्याचा खर्च केला आणि पुढे येणं बंद केलं. मशीन दुरुस्त झालं, झाकण बसलं, दुसरा माणूस उभा राहिला. जळगावच्या स्टोअरमध्ये धुळ्याहून घासून आलेले शाफ्ट मी एकदा पाहिले. तेलकट कागदात गुंडाळलेले, चकचकीत. मी एक उचलून पाहिला आणि परत ठेवला.

आबा घरी आले. एका डोळ्याने अंतर कळत नाही, हे आम्हाला तेव्हा समजलं. किटलीतून चहा ओतला की कपाच्या बाहेर पडायचा. सुईत दोरा, बटण, दाराची कडी, सगळ्याला हात आधी चुकायचा. आईच्या तोंडून एकदा निघालं, पोरीनंच काढलं होतं ते गटांचं चित्र. आबांनी तिला तिथंच थांबवलं आणि पुन्हा घरात तो विषय निघाला नाही. पुढे ते किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओतायला शिकले. खोटा डोळा बसवून घ्यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला.

कारखान्यात काही काम मिळेल का, म्हणून ते मॅनेजरांना भेटून आले. त्यांचं नाव आता हजेरीवर नव्हतं, आणि मशीनजवळ त्यांना उभं करणं कोणालाच परवडणारं नव्हतं. पाचोऱ्याचे टर्नर एकदा घरी आले. आईने चहा दिला, त्यांनी तो संपवला, पाऊसपाण्याच्या गोष्टी काढल्या, आणि जाताना आबांचा हात हातात धरून उभे राहिले. आबांनीच तो सोडवला. नंतर औद्योगिक वसाहतीतल्याच एका डाळ मिलच्या गेटवर आबांना राखणदाराचं काम मिळालं. संध्याकाळी ते येत तेव्हा खांद्यांवर, केसांत, भुवईवर तुरीच्या डाळीची पिवळी धूळ असायची. त्यांच्या अंगाचा तो जुना, दुधी पाण्याचा वास कधी गेला, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

साहेब दुसऱ्या वर्षी पुण्याला गेले. जायच्या दिवशी ड्रॉइंग ऑफिसात आले, माझ्या टेबलाजवळ थोडा वेळ उभे राहिले, कोणत्या नकाशाचं काम चाललंय ते विचारलं, आणि गेले. मी कारखान्यात आणखी काही वर्षं काढली. गट चालले, पुढे पुन्हा बदलले, माणसं कमी होत गेली. त्याही मांडणीचे नकाशे मीच ट्रेस केले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धुळ्यात एका नव्या खाजगी आयटीआयला ड्राफ्ट्समन शिकवायला माणूस हवा असल्याची जाहिरात आली. मी अर्ज केला, निवड झाली. आईला ते अजिबात मान्य नव्हतं. धुळ्याचं नाव काढलं की ती उठून आत जायची. आबांनीच तिला समजावलं. ते म्हणाले, “जाऊ दे तिले. गावनी काय चूक शे त्यामा.”

मला पोचवायला ते बसस्टँडवर आले. पिशवी माझ्या हातात न देता ती स्वतःच धरून उभे राहिले. फलाटावर गर्दी होती, आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी असल्यामुळे बोलताना त्यांना सारखी मान वळवावी लागत होती. माझ्या ध्यानात आलं तसं मी फिरून उजव्या बाजूला गेले. त्यांचं मान वळवणं थांबलं. मावशीकडे आधी जा, म्हणाले. खोली मिळेपर्यंत तिथंच राहा, म्हणाले. पुलावरून जाताना कडेकडेने चाल, ट्रक फार असतात.

बस लागली. मी चढले, खिडकीची जागा मिळाली. खिडकीतून बाहेर पाहिलं तर आबा फलाटाच्या काठाशी येऊन बसकडे बघत होते, एकेका खिडकीवरून नजर फिरवत. मी हाक मारली, पण इंजिन सुरू झालं होतं. बस मागे सरकली, वळली. आबा हात वर करून हलवू लागले. मी जिथे बसले होते त्याच्या तीन खिडक्या पुढे, एक अनोळखी बाई बसली होती, तिच्याकडे बघून.